पेरूच्या बुडाचा दगड

त्या मुलखात आजार सगळ्यांनाच होते, पण दगड एकाच्याच दारात होते.

रीतच तशी होती. दुखणं घेऊन साळोबाकडं जायचं, तो देईल ते कडूजहर गुमान गिळायचं, आणि बरं वाटलं की तोंडात धरून नाहीतर पायानं ढकलत एक दगड आणून त्याच्या बिळापाशी ठेवायचा. साळोबा म्हणजे सायाळ. अंगावर काटे, आणि जिभेवर त्याहून जास्त. कुणी पोट धरून आलं की आधी त्याच्या सात पिढ्या काढायचा. "काय गिळलंस? मर की मग, हितं कशाला आलास?" असं म्हणायचा आणि मग गुळवेलीचा तुकडा पुढ्यात फेकायचा. रानाला वाटायचं, शिव्या म्हणजे अर्धं औषध.

"कडू न्हाई त्ये औषिद न्हाई," हे त्याचं ठरलेलं बोलणं. ते बोलून तो दगडांच्या राशीवर चढून बसायचा. रास अशी वाढली होती की दुपार कलली की तिची सावली पार ओढ्यापर्यंत जायची. त्या सावलीतून जाताना रानडुक्करसुद्धा मान खाली घालायचं. साळोबाला याच्यापरीस जास्त काही नको होतं. बायको-पोरं नव्हती, सोयरं नव्हतं. रास होती.

एक गोष्ट मात्र त्यानं कुणाला सांगितली नव्हती. त्याच्या हिरड्या कुजल्या होत्या. मूळ कुरतडलं की तोंडात रगात यायचं, पुढचे दोन दात तर बोट लावलं तरी हलायचे. सायाळीचा दात गेला म्हणजे सायाळ गेली. ती काय चोचीनं खाणार आहे का? आपल्याकडची सगळी कडू पाळंमुळं त्यानं स्वतःवर करून बघितली. काही उपयोग नाही. आणि सांगायचं कुणाला? वैदूच आजारी पडला तर त्यानं दगड कुणाच्या दारात ठेवायचा?

ओढ्याच्या वळणावर एक पेरूचं झाड आलं होतं. कुणी लावलं नव्हतं. एक बुलबुल तिथं बसून शिटला असेल, दुसरं काय. तीन सालं कुणी त्याच्याकडं बघितलं नाही, चौथ्या साली ते फळांनी वाकलं.

सुरुवात थोरलीपासून झाली. थोरली म्हणजे रानातली सगळ्यात म्हातारी वानरीण. चार दिवस तिचं पोट साफ नव्हतं, फुगून नगारा झाला होता. साळोबाकडं निघाली, वाटेत हे झाड लागलं, तर जाता जाता तिनं तीन-चार पिकले पेरू बियांसकट हाणले. रात्रभर तिथंच पडून राहिली. सकाळी साळोबाच्या दारापर्यंत आली, तोंड उघडलं, आणि एकदम शेपूट वर करून झुडपाकडं जी पळाली ती पळालीच.

दुसऱ्या दिवशी साळोबानं बघितलं तर म्हातारी फांदीवर बसून पाय हलवत होती.

"थोरले," तो खालनं म्हणाला, "बरं वाटलं न्हवं?"

"झ्याक वाटतंय."

"मग दगड?"

"कसला दगड? तुझं काय घेतलं मी? वळणावरचे पेरू खाल्ले, दारात आले आन् पळाले."

"पळालीस ती माझ्याच दारातनं."

"व्हय, तुझं तोंड बघून झाली म्हन."

वरच्या फांदीवरची पाच-दहा माकडं खिदळली. साळोबाचे काटे सळसळले.

"मग त्या पेरूच्या बुडाला ठिवलास का दगड?"

थोरलीनं डोकं खाजवलं. "न्हाई बा. त्यानं कुठं मागितला?"

हे बोलणं त्याच्या काळजात असं रुतलं की त्याचा स्वतःचा काटासुद्धा कुणाला तसा रुतला नसेल.

तिथून पुढं तो राशीवर बसायचा ते वळणाकडं तोंड करूनच. दातऱ्या डुकराला जुलाब लागले. तो दाराकडं न येता वळणावर गेला, पेरूची कोवळी पानं चावली, दोन दिवसांत पुन्हा चिखलात लोळायला लागला. लांबकान्या सशाच्या घरात सगळ्यांची तोंडं आली होती. त्यांनी तीच पानं चघळली. कुणाचा खोकला गेला, कुणाच्या अंगावर तकाकी आली. आणि औषध म्हणून कुणी जातच नव्हतं. भूक लागली म्हणून जायचे, गोड लागलं म्हणून खायचे, आणि येताना बरे होऊन यायचे. हसत. साळोबाच्या दारातून आजवर कुणी हसत गेलं नव्हतं.

राशीवर नवा दगड पडेना. जुन्यांच्या फटीत गवत उगवायला लागलं. साळोबा ते उपटायचा आणि तोंडातल्या तोंडात म्हणायचा, "फुकटचं खातात भाडखाव."

शेवटी त्यानं आवई उठवली. जो दिसेल त्याला थांबवून सांगायचा, "पेरूची बी आतड्यात रुजती. आज बरं वाटंल. पावसाळ्यात पोटातनं झाड निघंल, मग या माझ्याकडं." वैदूचा शब्द, आठ दिवस झाडाखाली कुणी फिरकलं नाही. फळं गळून पडली, त्यांच्यावर मुंग्या लागल्या. ते आठ दिवस साळोबाला गाढ झोप लागली.

नवव्या दिवशी थोरलीच सगळ्यांदेखत म्हणाली, "आरं, ह्या बुलबुलानं जलमभर बियाच गिळल्या. त्याच्या ढुंगणातनं एखादी फांदी निघाली का बघा बरं." रान हसलं. बुलबुल लाजून उडून गेला. आणि झाडानं, ज्यांनी आठ दिवस त्याला वाळीत टाकलं होतं, त्यांच्याच डोक्यावर पिकले पेरू टाकले. साळोबाला हसण्यापेक्षा याचा राग जास्त आला. चिडायचं तरी होतंस, मेल्या. एखाद्याला तरी नाही म्हणायचं होतंस.

सायाळीच्या जातीला एक काम येतं. झाडाच्या बुडाची साल गोल कुरतडून काढायची, सबंध कडं. कडं पुरं झालं की झाड मेलं. पण ते लगेच कळत नाही. झाड हिरवंच राहतं, सावली देतं, आणि आतनं संपलेलं असतं. कुणाचा संशय येत नाही.

भर दुपारी, सगळं रान सावलीला निपचित पडलं की साळोबा निघायचा. बुडाशी गवत डोक्याएवढं होतं, त्यात शिरायचा. पहिल्या दिवशी त्यानं दात लावला आणि कळ मस्तकात गेली. सालीवर रगात लागलं. करंगळीएवढी साल निघाली. तुरट रस तोंडभर झाला, तो त्यानं तसाच गिळला. थुंकायलाही दुखत होतं.

दुसऱ्या दिवशी तेवढीच. तिसऱ्या दिवशी पुढ्यात एक पिकला पेरू पडला. बघू तरी, वैऱ्याची चव काय असते ती, असं म्हणून त्यानं तो हिरड्यांनी दाबून खाल्ला. दुसरा खाल्ला. शिव्या देत देत तिसरा खाल्ला. मग रोजचंच झालं. आधी पेरू, मग साल, मग वाटेनं कोवळं पान चघळत घरी.

पंधरा दिवसांनी साल ढलप्या-ढलप्यांनी निघायला लागली. दात बसले होते. साळोबाला वाटलं, ही माझ्या रागाची ताकद. राग खरा असला की दातात येतो.

कडं पुरं व्हायला दोन बोटं साल राहिली, त्या दुपारी त्यानं सवयीनं जीभ हिरड्यांवरून फिरवली. रगताची चव नव्हती. पुन्हा फिरवली. दात दगडासारखे घट्ट. समोर ती दोन बोटं शाबूत साल होती आणि आजूबाजूला त्यानं महिनाभर खाल्लेल्या झाडाची पांढरी जखम. त्यानं ती हुंगली. मग उठला, आणि ती दोन बोटं तशीच ठेवून घराकडं निघाला.

वाटेत लांबकान्या भेटला. नाकानं एक दगड ढकलत होता. काळा गुळगुळीत दगड, मधनं पांढरी रेघ. असा देखणा दगड साळोबाच्या सबंध राशीत नव्हता. त्याचा चेहरा फुलला.

"आणलास व्हय शेवटी? चल, वर ठिवू."

ससा गडबडला. "न्हाई बाबा. तुमच्याकडं एवढी रास हाय की. त्या पेरूच्या बुडाला एक बी न्हाई. वाईट दिसतं. आमची सगळी तोंडं त्यानंच बरी केली."

"त्यानं मागितला का?"

"न्हाई. म्हनून तर लाज वाटती."

साळोबा वाटेतनं बाजूला झाला. सशाला पुढं जाऊ दिलं. सशानं दगड बुडाला टेकवला, डोकं टेकलं, निघून गेला. मग साळोबा परत गवतात शिरला आणि ती दोन बोटं साल एका घासात काढली. दात छान चालले.

त्या खेपेला पेरू आणखीच मोठे आले. असं होतं, कडं काढलं की वरचा रस वरच राहतो. रान म्हणालं, सशाचा दगड पावला. साळोबा ते ऐकून बिळात गेला आणि दोन दिवस बाहेर आला नाही. मग एकेक पान पिवळं पडलं, फांद्या वाळल्या, आणि उन्हाळा सरायच्या आत झाडाचं सरपण झालं. दातऱ्या म्हणाला, वाळवी लागली असंल. ससा मात्र खुळ्यासारखा सगळ्यांना सांगत फिरला, "माझ्याच दगडानं मेलं. त्याला दगड सोसला न्हाई." आणि तो दगड ढकलत आणून त्यानं साळोबाच्या राशीवर ठेवला.

पोटं पुन्हा फुगली. तोंडं पुन्हा आली. रान साळोबाच्या दारात रांग लावून बसलं, त्यानं सगळ्यांना शिव्या घातल्या, कडू मुळं दिली, आणि रास वाढत गेली. सावली ओढ्याच्या पलीकडं पोचली. थोरलीसुद्धा आली. दगड ठेवला आणि न हसता गेली.

पाऊस सरता सरता साळोबाच्या तोंडात पुन्हा रगताची चव आली.

एका दुपारी तो राशीच्या मागं गेला, जिथं तो रोज परसाकडं जायचा. तिथं जुन्या वाळक्या लेंड्यांत काहीतरी हिरवं होतं. वाकून बघितलं. दोन पानं. पानांवरच्या शिरा त्याच्या ओळखीच्या होत्या. महिनाभर त्यानं तीच चघळली होती.

त्याचे दात ठणकत होते. पानं कोवळी होती, दोनच होती, एका घासाची. त्यानं तोंड जवळ नेलं. श्वासानं पानं हलली.

तेवढ्यात राशीच्या पुढच्या अंगाला पावलं वाजली आणि ससा ओरडला, "बाबा, दगड आणलाय. जागा न्हाई पुढं. मागं टाकू का?"

"खबरदार," साळोबा म्हणाला, आणि सगळे काटे उभे करून रोपाभोवती आडवा झाला. "मागं कुणी यायचं न्हाई. ठिव कुठं बी आन् चालता हो."

दगड पडल्याचा आवाज झाला. पावलं गेली. साळोबा उठला, आजूबाजूला कुणी नाही हे दोनदा बघितलं, आणि राशीवर चढला. पेरूच्या बुडाचा तो काळा, पांढऱ्या रेघेचा दगड त्यानं हलत्या दातांत धरला. खाली येईस्तोवर पांढरी रेघ लाल झाली होती. रोपाशी पोचल्यावर तो थांबला, मान वाकवली, आणि पानांना धक्का लागणार नाही अशा बेतानं तो दगड त्याच्या बुडाला ठेवला.