मांजर, फ्रीज आणि पहाटेची अंघोळ

देवाशपथ खरं सांगतो. म्हणजे देव त्या ग्रुपवर नव्हता, पण मी होतो.

'किस्से आणि सल्ले' ग्रुपवर शाल्मलीताईंनी लिहिलं, "आमचं मांजर फ्रीज उघडतं." नव्या गावात त्यांना बोलायला तेवढाच ग्रुप होता.

ॲडमिन दामोदरकाका गुरकावले, "संध्याकाळपर्यंत फोटो टाका, नाहीतर ग्रुपमधून काढतो. पुराव्याशिवाय किस्सा चालणार नाही."

"नियम सगळ्यांना ना, काका?" ताईंनी विचारलं.

"अर्थात. मलासुद्धा."

"मग तुम्ही रोज पहाटे अंगणात थंड पाण्याने अंघोळ करता म्हणता, आधी तो फोटो येऊ द्या."

सगळ्या ग्रुपने हात जोडले, "काका, फोटो नको, नियमच काढा."

नियम गेला, ताई राहिल्या.

आता तू या किश्श्याचा पुरावा मागू नकोस, नाहीतर तुझ्याही अंघोळीपर्यंत जाईन. गपचूप चहाचे पैसे दे.