दाराआडची काठी

फार पूर्वी वस्तू आपापसांत बोलायच्या, फक्त माणसांना ते ऐकू जायचं नाही. द्वारकाकाकूंच्या घरी एक चटई होती. रोज सकाळी काकू तिच्यावर हौसेनं आसनं करायच्या, वाकता वाकता गुणगुणायच्या. त्यांचा संथ श्वास अंगावर घेणं चटईला फार आवडायचं.

एकदा शेजारीण हसली. "या वयात कसली ही थेरं?" काकू ओशाळल्या. त्यांनी चटई गुंडाळून भिंतीशी उभी केली.

दुसऱ्या सकाळी चटईनं पाहिलं, तर दाराआडची, सासूबाईंच्या वेळची काठी कपाटापाशी उभी होती. कुणीही तिला हात लावला नव्हता. काही दिवसांनी ती खिडकीपाशी दिसली. मग थेट पलंगाशी.

"कुठे निघालीस गं?" चटईनं घाबरून विचारलं.

"काकू बोलावतायत," काठी म्हणाली. "सासूबाईंनीही असंच बोलावलं होतं."

तेवढ्यात काकू कण्हत उठल्या. आधारासाठी त्यांचा हात काठीकडे गेला. चटईनं सगळा जीव एकवटून स्वतःला खाली झोकून दिलं आणि ती काकूंच्या पायांपुढे उलगडली.

काकू थबकल्या. मग हसून तिच्यावर बसल्या आणि हळूहळू गुणगुणू लागल्या.

मागे टक् असा आवाज झाला. काठी एक पाऊल मागे सरकली होती. एकच.

"चालू दे तुमचं," ती म्हणाली. "मला घाई नाही."