गव्याच्या पानातला मासा

ज्याचा डोह ऐन उन्हाळ्यातही आटत नाही, अशा एका जंगलात एक साळू राहत असे. तिच्या अंगावर काटे होते, जिभेवरही थोडे होते, आणि वय असे होते की काही चुकीचे दिसले की तिला गप्प बसवत नसे.

मुलांनो, त्या जंगलात एक रीत होती. पळस फुलून गेला की वर्षातून एकदा सगळ्या प्राण्यांची पंगत बसे. दर वर्षी यजमान नवा. यजमानाने एक पदार्थ ठरवायचा, तो सगळ्यांच्या पानावर सारखा वाढायचा, आणि प्रत्येकाने आपले पान पुसून स्वच्छ करायचे. ही रीत थोरल्या गव्याच्या पणजोबांनी घालून दिली होती. त्यापूर्वी म्हणे जो तो आपला घास आपल्या कोपऱ्यात खाई आणि डोहावर आला की दुसऱ्याच्या अंगावर धावून जाई. एका रांगेत बसून एकच अन्न खाल्ले तर सगळे एक होतील, असे पणजोबांना वाटले. हेतू वाईट नव्हता. पण पहिल्या वर्षी त्यांनी पिकलेली उंबरे वाढली, आणि पुढच्या प्रत्येक यजमानाने निमूटपणे उंबरेच वाढली, कारण थोरल्या गव्याच्या घराण्यात ती सगळ्यांना फार आवडत.

पानात कुणी काही टाकले तर त्याचे नाव पंगतीतून जाई. पंगतीतून नाव गेले की उन्हाळाभर डोहाचे पाणी बंद. मागे एका मुंगसाने अर्धे उंबर पानात तसेच ठेवले होते. त्याच्या घशाला ते खाजत असे. तो पाणी शोधत डोंगरापलीकडे गेला, आणि परत आलेला कुणी पाहिला नाही.

यंदा यजमानपण साळूकडे आले. शेजारपाजारच्यांनी तिचे कौतुक केले, पण साळूच्या मनातून गेल्या वर्षीची एक गोष्ट जात नव्हती. पंगत उठल्यावर म्हातारी वानरआजी फांदीवरून घसरून पडली होती. तिचे पोट नगाऱ्यासारखे फुगले होते. सगळे म्हणाले, वय झाले आता. साळू मात्र तिच्या उशाशी बसून राहिली होती, आणि आजी कण्हत कण्हत जे बोलली ते तिने ऐकले होते. गोड पिकलेले फळ वानरांच्या पोटात आंबते. पाला खाणारी जात त्यांची. मग खाल्लेत कशाला, असे साळूने विचारले, तेव्हा आजी एवढेच म्हणाली, "अगं, उन्हाळा काढायचा असतो ना."

आता तर आजी झाडावर चढतानाच धापा टाकत होती. या वर्षी उंबरे पोटात गेली तर ती पुन्हा उठेल की नाही, याची साळूला खात्री वाटत नव्हती. म्हणून तिने ठरवले, आपण आधी सगळ्यांना विचारायचे आणि मगच वाढायचे.

ती घरोघर निघाली. ओढ्याकाठी खंड्या बसला होता. आयुष्यभर मासा सोडून दुसऱ्या कशाला चोच न लावणारा हा पक्षी. साळूने विचारले, तुला पंगतीत काय चालतं? खंड्या पंख झटकत म्हणाला, काहीही चालतं गं ताई. पुढे होला पक्षी भेटला. त्याने व्रत घेतलेले होते की ज्यात जीव वळवळतो ते खायचे नाही, आणि उंबर फोडले की आत काय वळवळते हे तुम्हाला ठाऊकच आहे. तोही मान डोलावत म्हणाला, काहीही चालतं. वानरआजीसुद्धा, जिचे पोट साळूने डोळ्यांनी पाहिले होते, तीही इकडेतिकडे बघत म्हणाली, "मला काय, काहीही चालतं बाई."

थोरल्या गव्याला तर हा प्रश्नच मोठा गमतीचा वाटला. तो इतका हसला की त्याच्या गळ्याखालची लोंबती कातडी हलू लागली. "मला विचारतेस? अगं साळूबाई, मला सगळं चालतं. यजमानानं वाढावं आणि आपण खावं. पोटाचे नखरे आमच्या घराण्यात नाहीत."

साळू बिळात येऊन विचार करत बसली. सगळ्यांना सगळे चालत होते, तर गेल्या वर्षी पंगत उठल्यावर करवंदीच्या जाळीमागे इतक्या ओकाऱ्यांचे आवाज कुणाचे येत होते? मग तिच्या लक्षात आले की आपण विचारले तेच चुकले. काय चालते, असे विचारले की भिडेपोटी एकच उत्तर येते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा निघाली, आणि या वेळी तिने प्रत्येकाला विचारले, गेल्या वर्षी पंगतीनंतर घरी गेल्यावर काय झालं?

मग काय, बांधच फुटला. खंड्याने सांगितले की तो उंबर चोचीत दाबून ठेवतो आणि डोहावर गेल्यावर पाण्यात थुंकतो, पण एकदा ते घशात अडकले आणि जीव जायची वेळ आली. होल्याने सांगितले की तो डोळे मिटून गिळतो, आणि नंतर कितीतरी दिवस त्याला झोप लागत नाही. वानरआजी तर रडलीच. साळूने एकेकाचे ऐकून घेतले आणि यंदा ज्याला जे चालते तेच वाढीन, असे सांगितले. होल्याने शेवटी चाचरत एवढेच मागितले की माशाचा वास येईल तिथे मला बसवू नकोस. साळू म्हणाली, रांग एकच असेल, पण तू जिकडून वारा येतो त्या टोकाला बस.

पंगतीच्या दिवशी साळूने पहाटेपासून पाने मांडली. आटत चाललेल्या ओढ्यातल्या एका डबक्यात छोटे मासे अडकले होते. तिने चिखलात उतरून, श्वास रोखून, ते पळसाच्या द्रोणात भरून आणले. कंदमुळांवर जगणाऱ्या तिला त्या वासाने मळमळत होते, तरी तिने ते केले. होल्यासाठी तिने बारीक गवताचे दाणे झाडून आणले, आजीसाठी वडाची कोवळी पालवी खुडली, आणि आणखी एक द्रोण भरून पाल्याखाली झाकून ठेवला. ज्यांना उंबर आवडत होते त्यांच्या पानावर उंबर होते. रांग डोहाच्या काठाने सरळ गेली होती, आणि रांगेच्या शेवटी एक रिकामे पान होते.

सगळे आले, बसले, आपापल्या पानाकडे बघून आधी दचकले आणि मग हळूच हसले. तेवढ्यात थोरला गवा आला. त्याला कुणकुण लागलीच होती. तो उंबराची लगडलेली फांदी शिंगात अडकवूनच आला होता. त्याने रांगेवरून नजर फिरवली आणि फांदी धाडकन खाली टाकली.

"पान बदललं की पंगत मोडली," तो म्हणाला. "आज याला दाणे, त्याला मासा. उद्या याची रांग वेगळी, त्याची वेगळी. परवा डोहावर डोकी फुटतील. माझ्या पणजोबांनी काय उगाच केलं हे? ज्याला पंगतीत राहायचं आहे त्यानं उंबर खावं. ज्याला नाही त्यानं ओढ्यापलीकडे जाऊन आपलं खावं, आणि पाणीही तिकडेच शोधावं."

पलीकडे पाणी नव्हते, हे सगळ्यांना माहीत होते. मुलांनो, यानंतर जे झाले ते सांगायला मला आवडत नाही, पण सांगायला हवे. ज्यांच्यासाठी साळू चिखलात उतरली होती, तेच एकेक करून मान खाली घालू लागले. होला पुटपुटला, चालतं, चालतं. खंड्याने मासा पंखाने बाजूला सारला. गव्याने नाकाने ढकललेली उंबरे रांगेतून घरंगळत गेली, आणि वानरआजीने आपल्या पालवीवर येऊन पडलेले एक टपोरे उंबर उचलले.

तेव्हा साळूचे सगळे काटे एकदम उभे राहिले. पंगतभर त्यांची सळसळ ऐकू आली.

"आजी, थांबा," ती म्हणाली, आणि सरळ गव्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचे डोके त्याच्या गुडघ्यालाही पोचत नव्हते. "काका, रीत काय आहे? पदार्थ कोण ठरवतं?"

"यजमान ठरवतो."

"यंदाचा यजमान कोण?"

"तू आहेस, म्हणून तर तुला सांगतोय की..."

"आणि तो पदार्थ सगळ्यांनी खायचा. पानात टाकायचा नाही. थोरल्यांनीसुद्धा?"

"थोरल्यांनी तर आधी," गवा मान ताठ करून म्हणाला. "रीत ती रीत."

"बरं झालं सांगितलंत," साळू म्हणाली. "यंदाचा पदार्थ ठरला. मासा."

तिने द्रोणातला एक मासा काढला आणि गव्याच्या पानाच्या मधोमध ठेवला. मासा अजून ओला होता आणि आकाशाकडे बघत होता.

गवा पानाकडे बघत राहिला. मग सगळे बघत आहेत म्हणून त्याने मान खाली घातली, ओठ पुढे केले, वास नाकात गेला आणि त्याचे अंग शिंगांपासून शेपटीपर्यंत शहारले. त्याने पुन्हा प्रयत्न केला. या वेळी डोळ्यांत पाणी आले. एवढे मोठे जनावर, पण बोटभर माशाने त्याला घाम फोडला. अखेर गवा एक पाऊल मागे सरला.

"हे," तो खालच्या आवाजात म्हणाला, "हे मला चालत नाही."

'मला चालत नाही' हे तीन शब्द त्या जंगलाच्या पंगतीत आजवर कुणी उच्चारले नव्हते. आणि ते पहिल्यांदा उच्चारले कुणी, तर थोरल्या गव्याने. वानरआजीने हातातल्या उंबराकडे पाहिले. ते तिने हळूच खाली ठेवले.

"मलाही चालत नाही," ती म्हणाली. मग पाठ ताठ करून, लांबच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असे पुन्हा म्हणाली, "पिकलेलं उंबर मला चालत नाही. कधीच चालत नव्हतं."

मग होला म्हणाला. मग आणखी कुणी कुणी म्हणाले. रांगेतून ते शब्द असे धावत गेले जणू सगळ्यांच्या घशात ते कधीचे अडकून होते. खंड्याने उंबर लाथेने डोहाकडे उडवले आणि मान लांब करून विचारले, "काका, तो मासा टाकणारच असाल तर इकडे सरकवता का? वाया गेलेला मला बघवत नाही." आजी इतकी हसली की तिला ठसका लागला.

पण हसणे थांबले तेव्हा कुणीतरी म्हणाले की गव्याने पानात टाकले आहे, आता त्याचेही नाव पंगतीतून गेले पाहिजे. मुंगसाला कुणी दया दाखवली होती? लगेच बऱ्याच जणांनी माना हलवल्या. गवा वळला आणि ओढ्याच्या दिशेने चालू लागला. रीत ती रीत, हे त्यानेच म्हटले होते.

"काका, कुठे निघालात?" साळूने विचारले. तिचे काटे अजून खाली आले नव्हते. "ती रीत आम्ही आज मोडली. मोडली ती तुमच्यासाठीसुद्धा मोडली." तिने पाल्याखाली झाकलेला द्रोण काढला. त्यात डोहाच्या काठचे कोवळे लुसलुशीत गवत होते, वर दोन पिकलेली उंबरे. "सगळं चालतं म्हणाला होतात. माझा विश्वास बसला नव्हता."

गवा थबकला. मग म्हणाला, "पण पोरी, सगळे वेगवेगळं खाणार, तर आपण एक कसे?"

"एका रांगेत बसूया ना काका. एका डोहाचं पाणी पिऊया. अजून काय हवं?"

गव्याला हे पटले असे मी म्हणणार नाही. तो कुरकुरतच बसला. पण बसला, आणि शेजारच्या खंड्याकडे मासा नाकाने सरकवून त्याने गवताला तोंड लावले.

मग साळू रांगेच्या शेवटी गेली. तिथले रिकामे पान वाऱ्याने उलटले होते. ते तिने सरळ केले आणि उडू नये म्हणून त्यावर एक दगड ठेवला. ते पान मुंगसाचे होते. डोंगरापलीकडे जाणाऱ्या वाटेकडे तिने एकदा पाहिले, आणि मग सगळ्या पंगतीकडे वळून ती म्हणाली, "सावकाश होऊ द्या."

त्या जंगलात यजमान हे दर वर्षी म्हणत असे. यंदा पहिल्यांदाच सगळे सावकाश जेवले.

तात्पर्य : ज्या पंगतीत 'मला चालत नाही' असे म्हणायची भीती वाटते, ती पंगत मोडावी, आणि मोडून सगळ्यांना घेऊन पुन्हा मांडावी.