रिकामी घागर

नदीअलीकडच्या राजाने पलीकडच्या राजाला घागरभर काकवी पाठवली. घागर परत आली, घासूनपुसून लख्ख, पण रिकामी! नदीच्या अलीकडे शेजाऱ्याचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही.

"अपमान!" सेनापती गरजले. "उद्याच स्वारी!"

दरबारातल्या सात म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. एकालाही 'असं का केलं असेल?' हे विचारावंसं वाटलं नाही. मरायला त्यांना थोडंच जायचं होतं!

पहिल्या फळीत जायचं होतं येसूच्या नवऱ्याला. तिचं माहेर पलीकडचं. ती तडक दरबारात शिरली.

"सेनापतीसाहेब, गेल्या साली त्यांनी मध पाठवला होता. ते भांडं कसं परत केलंत?"

"साखर भरून! रीतच आहे आपली."

"माझ्या माहेरी भरलेलं भांडं परत आलं की समजायचं, फिटंफाट झाली, नातं संपलं. रिकामं आलं तर पुन्हा पाठवायचं. म्हणजे अपमान आधी तुम्ही केलात. ते आले का चालून?"

राजाने घागर पुन्हा भरायला सांगितली.

"पण घेऊन जाणार कोण?" त्याने विचारलं.

"सेनापतीसाहेब की!" येसू म्हणाली. "उद्या तिकडं निघायची त्यांची तयारी झालीच आहे."