तिकिटाचा उरलेला अर्धा

"नुसतं जायचे आठ रुपये, आणि जाऊन परत यायचे नऊ... असला दर कोणी लावला असेल, बुवा?"

टेकडीवरच्या देवळात अमृतबुवा पळसाच्या पत्रावळी लावत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तीस वर्षं तिकिटं कोण विकत होतं?"

"मी."

"मग मला काय विचारतोस?"

कुलथेबाबूंना ते लागलं. खिडकीमागे बसलेल्या माणसाला कुणी अरेतुरे करत नाही. एरवी ते तिथून उठले असते. पण आज ते उठून जायला आले नव्हते.

"मला पायाशी ठेवून घ्या. आता इथंच राहीन."

"का?"

"लेक गेली."

बुवांनी नवं पान घेतलं. "सांग."

"इंदूला पहिल्यांदा सासरी पोचवायला मीच निघालो. तिकिटंही मीच काढली. माझं परतीचं. ती म्हणाली, बाबा, माझंही परतीचं काढा. एकाच रुपयाचा तर फरक, तुम्हीच सगळ्यांना सांगता..."

"मग?"

"सासरी धाडताना लेकीचं परतीचं काढत नाहीत, बुवा. अपशकुन मानतात. किती बापांना मी खिडकीतून हे बजावलं होतं. आणि मीच काढलं असतं, तर..."

"तर?"

"लोक हसले असते."

बुवांनी पानाला पान जोडून काडी टोचली.

"परतीचं दहा दिवस चालतं. आठव्या दिवशी ती तिथल्या स्टेशनवर आली होती. जवळ पैसा नव्हता. दिवसभर बाकावर बसून राहिली. संध्याकाळी सासरची माणसं येऊन घेऊन गेली. हे मला तिथल्या मास्तरांनी सांगितलं... नंतर."

"नंतर म्हणजे?"

"महिन्यानं तार आली. त्यानंतर."

बुवांच्या हातातली काडी पानात तशीच राहिली.

"घरी कोण आहे?"

"बायको. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही."

"सांगून आलास तिला?"

"नाही. काय सांगायचं? संसार सुटला माझा. मागं काही ठेवलं नाही."

बुवांनी हात पुढे केला.

"तिकीट दाखव."

कुलथेबाबूंनी खिशातून पुठ्ठ्याचा अर्धा तुकडा काढला. येतानाचा अर्धा खाली स्टेशनवर फाडून घेतला होता. हा उरलेला. त्यावर परतीच्या गावाचं नाव होतं.

सवयीनं काढलं, असं ते म्हणणार होते. एकच रुपया जास्त पडतो... पण त्यांची नजर त्या गावाच्या नावावर गेली.

खाली वळणावर गाडीनं शिट्टी दिली.

बुवांनी तो तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची बोटं एकेक करून मिटली.

"जा. घरी अजून एक जण बाकावर बसली आहे."