साखरगाठीचे अर्धे साचे

एका गावात एक हलवाई होता, आणि साखरेचा पाक त्याच्याहून चांगला जाणणारी त्याची बायको होती. पाडव्याला दोघं मिळून साखरगाठी करत आणि पंचक्रोशीत त्या गाठींना तोड नव्हती.

पुढे हलवायाच्या डोक्यात मोठ्या दुकानाचं खूळ शिरलं. त्यानं साखरवाल्याकडून साखर आणि वखारवाल्याकडून भट्टीसाठी लाकूड उधार उचललं, आणि हातातला पैसा घालून भिंतभर आरसे लावले. गिऱ्हाईक आत यायचं, आरशात पागोटं नीट करायचं आणि निघून जायचं. हलवाईण आधी समजावून थकली, मग भांडून थकली. शेवटी दोघांनी काडीमोड घ्यायचं ठरवलं.

वाटणीला बसले तेव्हा दोघंही हट्टाला पेटले होते. प्रत्येक वस्तू निम्मी म्हणजे निम्मी. आता गाठीचा साचा म्हणजे लाकडाच्या दोन फळ्या. मध्ये दोरा ठेवून त्या घट्ट बांधायच्या आणि पाक ओतायचा. या शहाण्यांनी चाळीस साच्यांतली एकेक फळी त्याला आणि एकेक तिला, अशी वाटणी केली. हलवाईण आपल्या चाळीस फळ्या घेऊन भावाकडे राहायला गेली.

त्या वाटणीला पंचांनी मान्यता देण्याआधीच हलवायाचं दिवाळं निघालं. गावची रीत अशी, की दिवाळखोरानं भरदुपारी उंबऱ्यावर दिवा लावायचा. दिवा लागला की नवराबायकोची वाटणी जागच्या जागी थांबायची. आधी लोकांचं देणं फेडायचं, मग उरेल ते दोघांचं. जो काही दडवील, त्याचा उरलेल्यातला वाटाही जायचा.

दिवा लागल्याचं कळलं तशी हलवाईण गोठ्यात जाऊन फळ्या मोजत बसली. एवढ्या फळ्याच तर तिच्याजवळ होत्या.

भाऊ म्हणाला, "ताई, फळ्या माझ्या गोठ्यात आहेत हे कुणाला ठाऊक? राहू देत. कर्ज दाजींनी केलं, तू कशाला भरतेस?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आरशांना तिनं कधी होकार दिला नव्हता. पण उधारीची साखर तिच्याच कढईत शिजली होती, आणि साखरवाल्याला ती आजवर काका म्हणत आली होती. उद्या त्याच्या समोरून मान खाली घालून जायचं, हे तिला जमणार नव्हतं.

तिनं फळ्या डोक्यावर घेतल्या आणि चावडी गाठली. तिथे वखारवाला नवऱ्याच्या फळ्या जळण म्हणून तोलत होता. तिनं आपल्या फळ्या शेजारी मांडल्या. आता या चुलीत जाणार आणि आपण रिकाम्या हातानं परतणार, असं तिला वाटलं. तिला रडूच आलं.

साखरवाल्यानं एक फळी इकडची उचलली, एक तिकडची, आणि जोडून पाहिली. मग पंचांना म्हणाला, "जळण म्हणून यांचे चार पैसे येतील. पण जोडीनं कामाला लावल्या, तर पाडव्याला आम्हा दोघांचंही देणं फिटेल. माझी थांबायची तयारी आहे."

वखारवाल्यानंही तराजू खाली ठेवला. पंचांनी हलवाईणीला विचारलं, पाडव्यापर्यंत नवऱ्याबरोबर काम करशील का?

"काम करीन, संसार नाही," ती म्हणाली. "आणि पाक मी बघीन. दुकान कसं सजवायचं ते मात्र यांना विचारू नका."

चावडी हसली. हलवाईही खाली मान घालून हसला आणि म्हणाला, "आधी ते आरसे विका."

आरशांच्या पैशात साखर आणि जळण आलं, आणि महिनाभर दोघं एका भट्टीपाशी राबली. बोलणं जेवढ्यास तेवढं, पण भांडण एकही नाही. पाडव्याच्या आदल्या दिवशी गाठींची शेवटची माळ विकली गेली आणि साखरवाल्याचं, वखारवाल्याचं देणं फिटलं. पंचांनी थांबलेली वाटणी पुन्हा हाती घेतली. या वेळी वीस अख्खे साचे त्याला, वीस अख्खे तिला. काडीमोडही झाली, रीतसर आणि शांतपणे.

हलवाईणीनं वेशीजवळ स्वतःची भट्टी घातली. साखरवाल्यानं तिला पहिलं पोतं उधार दिलं आणि तारण काही मागितलं नाही. पुढच्या पाडव्याला गावात गाठींची दोन दुकानं होती. हलवायाचा पाक अधूनमधून बिघडायचा. मग तो तिला विचारायला यायचा आणि ती सांगायची.

तात्पर्य इतकंच: घराची वाटणी करायची वेळ आली, तर आधी लोकांचं देणं उघड्यावर मांडावं. काही दडवलं नाही, तर जे उरतं ते दोघांच्याही कामाचं उरतं.