फणीवाल्याचा गप्प ससा

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तुमच्या पणजीच्या पणजीनेही ती ऐकीव म्हणूनच सांगितली असती.

नदीकाठच्या एका गावात लाकडाच्या फण्या करणारा एक कारागीर राहत होता. त्याच्या फण्यांचे दात इतके गुळगुळीत, की राजवाड्यातल्या राण्याही त्याच मागवायच्या. पण दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं या फणीवाल्याच्या घरातलंच एक डोकं कधी सुखासुखी विंचरून व्हायचं नाही. ते त्याच्या लेकीचं.

लेक लहान असतानाच तिची आई गेली, म्हणून वेणी घालायचं काम बापाकडे आलं. फणी केसात अडकली रे अडकली, की पोरगी असा गळा काढायची की नदीपलीकडची गुरं माना वर करायची. "बाबा, हळू! डोकं आहे ते माझं, लाकूड नाही!"

शेजारीण कुंपणावरून म्हणायची, "भावजी, हिला कोणती सासू नांदवून घेणार?"

पण योग आला, लग्न झालं. सासर दोन डोंगरांपलीकडे. तिथे दारात शिकारी कुत्री होती, म्हणून लेकीने आपला लाडका ससा बापाच्या मांडीवर ठेवला. लांब, पांढऱ्या केसांचा तो ससा फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखा दिसायचा, म्हणून त्याचं नाव बोंड्या.

"रोज विंचरा हं, बाबा. नाहीतर केसांच्या गाठी होतात आणि त्याची कातडी ओढली जाते."

सांगणं सोपं असतं. बोंड्याला विंचरून घेणं मुळीच आवडायचं नाही. फणी दिसली की स्वारी कणगीमागे. ओढून काढावं तर लाथा, ओरखडे आणि वर पाय आपटून निषेध. राण्यांच्या केसांना वळण लावणारा माणूस एका सशापुढे हात टेकून बसला. मग आज राहू दे, उद्या बघू, असं होत गेलं.

दिवाळीला लेक माहेरी आली. तिने हट्ट केला नाही, कुणाशी भांडली नाही, पुढ्यात आली तेवढी करंजी खाल्ली. बापाने हौसेने फणी काढली, तर म्हणाली, "राहू द्या बाबा, मी घातलीय वेणी."

शेजारीण कौतुकाने म्हणाली, "बघा, कशी वळणाला लागली पोर! गप्प आहे म्हणजे सुखात आहे."

बापाला ते ऐकून बरं वाटलं. बरं वाटणारं बोलणं कोण तपासून बघतो? निघताना लेक उंबऱ्यात थोडी घुटमळली आणि एवढंच म्हणाली, "बोंड्याला सांभाळा, बाबा."

ते शब्द फणीवाल्याच्या मनाला लागले. थंडी वाढली तशा सशाच्या पोटाखालच्या, बगलेतल्या गाठी घट्ट होत चालल्या होत्या. संक्रांतीला लेक येईल आणि हे बघेल, या विचाराने त्याचा जीव टांगणीला लागला. शेवटी त्याने शेजारणीलाच विचारलं.

"त्यात काय एवढं?" ती म्हणाली. "उताणा घ्या मांडीवर. बघा कसा गप्प होतो ते."

आणि खरंच, उताणा केला तसा बोंड्या एकदम निपचित पडला. लाथ नाही, ओरखडा नाही. फणीवाला रोज सकाळी त्याला उताणा घेऊन एकेक गाठ सोडवू लागला. "बघितलंत? गप्प आहे म्हणजे सुखात आहे," शेजारीण म्हणाली.

पण बोंड्या खाईना. कोवळी हरळी समोर तशीच सुकायची. मुळ्याच्या पाल्याकडे तो ढुंकूनही बघेना. कान पाठीला चिकटवून नुसता कोपऱ्यात बसायचा. फणीवाल्याला वाटलं, गाठींचाच त्रास असणार. मग तो आणखी नेटाने विंचरायचा आणि ससा आणखी वाळत जायचा. जपायला दिलेला जीव आपल्याच हातात संपला तर लेकीला काय तोंड दाखवू, या धास्तीने त्याच्याही घशाखाली घास उतरेना.

एका सकाळी फणी बगलेतल्या गाठीत अडकली. त्याच्याकडून जोराचा हिसका बसला, कातडी वर ओढली गेली. दुखलं नसेल असं शक्यच नव्हतं. पण बोंड्या हलला नाही.

त्या न हलण्यानेच फणीवाला थबकला.

इतके दिवस एका हाताने पाय धरलेले आणि दुसऱ्या हातात फणी, त्यामुळे सशाच्या छातीवर हात ठेवायला हात रिकामाच नव्हता. आज त्याने फणी खाली ठेवली आणि तळवा त्या मऊ छातीवर टेकवला. आतलं काळीज इतकं धडधडत होतं, की आता फुटेल असं वाटावं. डोळे सताड उघडे होते. हा जीव निवांत पडला नव्हता. आपण आता मरणारच, असं समजून पडला होता.

फणीवाल्याने घाईघाईने त्याला सरळ केलं, उराशी धरलं. "चुकलो रे बाबा," तो म्हणाला. आणि मग त्याच्या मनात दुसरीच पाल चुकचुकली. गप्प आहे म्हणजे सुखात आहे. हे आपण आणखी कुणाबद्दल ऐकून घेतलं होतं?

त्याने ससा शेजारणीच्या हवाली केला. "वहिनी, उताणा करू नका. लाथा मारल्या तर मारू द्या." मग कनवटीला एक फणी खोचली आणि तो तडक डोंगराच्या वाटेला लागला.

वाटभर तो स्वतःची समजूत घालत होता. छे, काही नसेल. दमली असेल. मोठी झाली असेल. पण पाय काही हळू पडेनात.

लेकीच्या सासूबाईंनी हसून पाट मांडला. "काही तक्रार नाही हो. तुमची लेक म्हणजे गरीब गाय. तोंडातून शब्द नाही."

"कशी आहेस, पोरी?"

"बरी आहे, बाबा."

तो म्हणाला, "आज तुझी वेणी मी घालतो." नको म्हणायचंही तिच्या जिवावर आलं असावं. परसदारी ती खाली मान घालून बसली. फणी केसांतून उतरली आणि मानेजवळच्या गाठीत अडकली. बापाचा हात थांबला. आता ओरडेल, त्याला वाटलं. ओरड गं, पोरी. एकदा ओरड.

ती हलली नाही.

त्याने फणी खाली ठेवली आणि तिचं मनगट हातात घेतलं. नाडी सशाच्या काळजासारखी पळत होती.

तो तिचा हात धरून नुसता शेजारी बसून राहिला. बऱ्याच वेळाने ती कुजबुजली, "बाबा, ओरडून कसं चालेल? इथे आवाज चढला की त्या दिवशी ताट मिळत नाही."

फणीवाला उठला. "चल," म्हणाला. लोक काय म्हणतील, ते सासूबाई सांगत राहिल्या, आणि बापलेक डोंगराच्या वाटेला लागलेही.

घरी पोचले तेव्हा शेजारीण हातावरचे ओरखडे दाखवत दारात उभी. "भावजी, केवढ्या लाथा मारल्या मेल्याने! आणि वर माझा मुळ्याचा पाला फस्त केला!" तिला कळेना, हे ऐकून फणीवाल्याच्या डोळ्यांत पाणी का आलं.

त्यानंतर तो सशापुढे जमिनीवर बसायचा, फणी हुंगू द्यायचा, दोनदा ती अंगावरून फिरवायचा आणि बोंड्याने पाय आपटला की थांबायचा. सुटेना ती गाठ कातरीने हलकेच कापून टाकायचा. वेळ फार लागायचा. लागू दे म्हणायचा.

संक्रांत झाल्यावर सासरची माणसं सुनेला न्यायला आली. "पाठवा तिला."

"तिलाच विचारा," फणीवाला म्हणाला.

लेकीने एकदा बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही!"

नदीपलीकडची गुरं माना वर करून बघायला लागली.

तात्पर्य: भ्यालेला जीवही गप्पच असतो, म्हणून गप्प आहे त्याला सुखी समजू नये.